पऱ्हाटीपासून नॅनोसेल्युलोज : पाण्याचा हिशेबही छापावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेतातील टाकाऊ अवशेषांपासून नॅनोसेल्युलोज, विघटनशील वेष्टने किंवा तत्सम ‘प्रगत पदार्थ’ तयार केल्याच्या बातम्या अलीकडे मराठवाड्यातील वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. कधी ती पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरणारी वाळकी झाडे) असते, कधी उसाचा चोथा, कधी केळीचे खोड, तर कधी सोयाबीनचे भुसकट. बातमीचा साचा मात्र ठरलेला असतो. टाकाऊ वस्तूपासून मौल्यवान पदार्थ, पोलादापेक्षा मजबूत, प्लॅस्टिकला पर्याय आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न. आपल्या भागातील संशोधनाला प्रसिद्धी मिळते याचा मला, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला, आनंदच होतो. परंतु या बातम्यांत दोन आकडे मला कधीच सापडलेले नाहीत. एक किलो पदार्थ हाती येईपर्यंत पाणी किती खर्च झाले, आणि त्यासाठी वापरलेल्या आम्लापैकी किती परत मिळाले, हे ते दोन आकडे होत. इतर कोणत्या प्रदेशात ते दुय्यम ठरत असतील. मराठवाड्यात त्यांच्यावाचून बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

प्रथम या पदार्थाविषयी थोडेसे. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांनाच आपण सेल्युलोज म्हणतो. कापसाच्या तंतूत तो नव्वद टक्क्यांहून अधिक असतो, तर पऱ्हाटीच्या लाकडात साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि तेथे तो हेमिसेल्युलोज (आखूड साखळ्यांचा त्याचाच भाऊबंद) व लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) यांच्यात रुतून बसलेला असतो. या साखळ्या काही ठिकाणी अगदी शिस्तीने, कडब्याच्या पेंढीतील ताटांप्रमाणे एकमेकींना चिकटून रचलेल्या असतात, तर मधूनमधून त्यांची रचना विस्कळीत असते. तीव्र आम्ल आधी विस्कळीत भागात शिरते आणि तेथे साखळ्या तोडते. शिस्तबद्ध भाग सहसा तुटत नाही. आम्लाची क्रिया योग्य वेळी थांबवली की काडीच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक शिल्लक राहतात. हेच ते नॅनोसेल्युलोजचे स्फटिक. कापसापासून मिळणाऱ्या अशा स्फटिकांची जाडी पाच ते दहा नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग) आणि लांबी शंभर ते तीनशे नॅनोमीटर इतकी असते. स्वीडनमधील उप्साला येथे बेंग्ट रॉन्बी यांनी १९४९ ते १९५१ या काळात सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने हे कण वेगळे केले होते. म्हणजे ज्या गोष्टीची आज ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून बातमी होते, तिचे मूळ तंत्र सत्तरी ओलांडून गेलेले आहे.

या स्फटिकांचे गुण खरोखर विलक्षण आहेत, याबद्दल दुमत नाही. लांबीच्या दिशेने त्यांचा ताठरपणा ॲल्युमिनियमपेक्षा आणि नेहमीच्या काचतंतूपेक्षाही अधिक भरतो, आणि घनता मात्र पाण्याच्या दीडपटीच्या आसपासच असते. त्यांच्या पातळ थरातून प्राणवायू सहजी आरपार जात नाही, म्हणून खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनावर त्यांचा लेप देण्याचा विचार होतो. पाण्यातील त्यांचा द्राव हळूहळू वाळवला तर ते आपोआप मळसूत्री थरांत रचले जातात आणि कोणताही रंग न मिसळता त्या पापुद्र्यावर रंग उमटतात. रंगलेप, चिकटद्रव्ये, सिमेंट, तेलविहिरींच्या खोदकामातील द्राव, जखमेवरच्या पट्ट्या असे त्यांचे अनेक उपयोग जगभर तपासले जात आहेत. परंतु एका स्फटिकाचा गुण त्याच प्रमाणात तयार वस्तूत उतरतो असे मुळीच नाही. सेल्युलोजला पाणी प्रिय, तर पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला ते नकोसे. त्यामुळे एकात दुसरे नीट मिसळत नाही आणि स्फटिकांचे गठ्ठे होतात. सल्फ्युरिक आम्लाने तयार केलेले स्फटिक प्लॅस्टिक वितळवण्याच्या तापमानाला काळवंडू लागतात, ही आणखी एक अडचण. शिवाय पेट्रोलियमपासून बनलेल्या प्लॅस्टिकमध्ये दोन-चार टक्के सेल्युलोज मिसळले म्हणून ते प्लॅस्टिक मातीत कुजत नाही. बातमीत ‘पोलादापेक्षा मजबूत’ आणि ‘पर्यावरणपूरक’ हे दोन शब्दप्रयोग एकाच ओळीत येतात तेव्हा वाचकाची थोडी दिशाभूल होते, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आता मूळ मुद्दा. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरली जाणारी कृती अशी आहे. शुद्ध केलेला लगदा वजनाने सुमारे चौसष्ट टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात, पंचेचाळीस अंश सेल्सिअसला, पाऊण तासाच्या आसपास ढवळायचा. मग दहापट पाणी घालून क्रिया थांबवायची. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून धुवायचे आणि अखेरीस डायलिसिसच्या, म्हणजे आम्ल बाहेर झिरपू देणाऱ्या पातळ पडद्याच्या, पिशव्यांत भरून, उरलेसुरले आम्ल निघून जाईपर्यंत बाहेरचे पाणी बदलत राहायचे. लगद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे आठ ते दहा मिलिलिटर आम्ल घेण्याची पद्धत आहे. विद्यार्थी पाच-दहा ग्रॅम लगद्यावर काम करतो तेव्हा या पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते नळातून येते आणि मोरीतून जाते. पण हीच कृती जशीच्या तशी मोठ्या प्रमाणावर केली, तर काय होईल याचा हिशेब बारावीचा विद्यार्थीही करू शकेल. एक किलो लगद्याला नऊ लिटर आम्ल धरले, तर केवळ विरलीकरणाला, म्हणजे आम्ल पातळ करायला, नव्वद लिटर पाणी लागते; धुण्याचे आणि डायलिसिसचे पाणी वेगळेच. एक टन लगद्याला हा आकडा नव्वद हजार लिटर होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वेगाडी आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते सगळे पाणी साडेपाच टन लगद्याचे नुसते विरलीकरण करण्यात संपले असते, आणि त्यातून हाती आलेले स्फटिक दोन टनही भरले नसते. कारण या कृतीत लगद्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांशच स्फटिक मिळतात, बाकीचा भाग विरघळून साखरेच्या रूपाने आम्लात जातो.

आम्लाचा हिशेब याहून अवघड आहे. वरील प्रमाणात एका किलो लगद्यामागे जवळजवळ नऊ किलो शुद्ध सल्फ्युरिक आम्ल वापरले जाते. स्फटिकांच्या पृष्ठभागावर त्यातील अगदी अल्प अंश चिकटतो, आणि त्याच्या ऋण भारामुळेच स्फटिक पाण्यात एकमेकांपासून दूर राहतात. उरलेले जवळपास सर्व आम्ल पाण्यात पातळ होऊन, साखरेत मिसळून पडते. ते परत तीव्र करायचे तर पाणी उकळून काढावे लागते आणि त्याला भरपूर उष्णता लागते. चुना घालून ते निर्विष करायचे म्हटले, तर एक किलो लगद्यामागे पंधरा किलोहून अधिक जिप्सम तयार होते. स्फटिकांच्या हिशेबाने हे प्रमाण एका किलोला चाळीस-पन्नास किलो इतके भरते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणताना नवा टाकाऊ ढीग जुन्याहून मोठा होत नाही ना, हे विचारण्याची जबाबदारी संशोधकांची आहे तशी पत्रकारांचीही आहे.

येथे कोणी म्हणेल की, कॅनडात तर हा उद्योग उभा राहिला आहे. ते खरेच आहे. क्युबेक प्रांतातील विंडसर येथे सेल्युफोर्स या कंपनीचा दिवसाला एक टन क्षमतेचा कारखाना २०१२ मध्ये सुरू झाला. पण तो मोकळ्या माळावर उभारलेला नाही. तो लाकडाचा लगदा करणाऱ्या जुन्या, मोठ्या कागद कारखान्याच्या आवारात उभा आहे. लगदा, वाफ, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था तेथे आधीपासून होती. आपण त्यांची रासायनिक कृती उचलतो आणि तिच्यामागची सगळी मांडणी विसरतो. परभणी, हिंगोली किंवा बीड जिल्ह्यात लाकडाच्या लगद्याचा असा कारखाना नाही आणि बारमाही नदीही नाही. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मात्र आहेत.

सुदैवाने याच क्षेत्रात वेगळ्या वाटा शोधल्या गेल्या आहेत, आणि आपल्या विद्यापीठांनी त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, कोरड्या सेल्युलोजवर हायड्रोजन क्लोराईड वायू सोडला तर तंतूतील थोड्याशा ओलाव्यातच आम्लाची क्रिया घडते, पदार्थाची घट जवळजवळ होत नाही आणि वायू पुन्हा वापरता येण्यासारखा असतो. अर्थात या स्फटिकांवर विद्युतभार नसल्यामुळे ते सुटे होत नाहीत. त्यांना मोकळे करण्यासाठी पुढे आणखी प्रक्रिया लागते, आणि हायड्रोजन क्लोराईड वायू हाताळण्याची यंत्रणाही गंजरोधक असावी लागते. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेच्या गटाने ऑक्झॅलिक आम्लासारखी घन सेंद्रिय आम्ले वापरून पाहिली. ही आम्ले गरम पाण्यात भरपूर विरघळतात आणि द्राव थंड केला की पुन्हा स्फटिकरूपाने खाली बसतात, त्यामुळे ती गाळून पुन्हा वापरता येतात. तिसरी वाट म्हणजे शुद्ध स्फटिकांचा हट्टच सोडून, लिग्निन पूर्णपणे न काढता विकरांच्या (एन्झाइमांच्या) आणि यांत्रिक दळणाच्या साहाय्याने सूक्ष्म तंतू तयार करणे. हे तंतू पांढरेशुभ्र नसतात, दळायला वीज बरीच लागते. परंतु विरंजनाचे (लगदा पांढरा करण्याचे) क्लोरिनयुक्त पाणी वाचते, आणि खोक्याच्या कागदाला किंवा फायबर बोर्डला बळकटी देण्यासाठी पांढरेपणाची गरजही नसते.

या तिन्ही वाटांवर मराठवाड्यात काम करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्यक्षात आपल्याकडचे बरेचसे प्रबंध एकाच धाटणीचे असतात. कच्चा माल नवा घ्यायचा, कृती तीच ठेवायची, एक्स-रे आलेख आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे जोडायची आणि निष्कर्ष काढायचा की या अवशेषापासूनही स्फटिक मिळतात. मिळणारच, सेल्युलोज आहे म्हटल्यावर ते कोणत्याही वनस्पतीपासून मिळतात. मी मार्गदर्शकांना दोष देत नाही, कारण निधी अल्प असतो, उपकरणांसाठी रांगा असतात आणि शोधनिबंधांची संख्या मोजली जाते. परंतु अवशेष बदलत राहण्याऐवजी कृती बदलण्यावर दहा वर्षे श्रम झाले असते, तर आज चित्र वेगळे दिसले असते.

कच्च्या मालाच्या बाबतीत पऱ्हाटी ही मराठवाड्याची खरी ताकद आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. उसाचा चोथा फुकट पडलेला नाही. साखर कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज तयार करतात. सोयाबीनचे भुसकट जनावरांच्या उपयोगी पडते. पऱ्हाटी मात्र हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि वेचणी संपली की शेतकऱ्याच्या मागे तिची विल्हेवाट लावण्याचे काम लागते. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढल्यापासून कृषी विभाग आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सातत्याने सांगत आले आहे की, फरदड (हंगामानंतर त्याच झाडांवर लांबवलेले पीक) घेऊ नये आणि पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, बांधावर रचूनही ठेवू नये. कारण किडक्या बोंडांत अळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वर येते. अनेक ठिकाणी ती सरळ पेटवून दिली जाते. वेळेवर उचलून नेणारा खरेदीदार मिळाला, तर किलोमागे मिळणाऱ्या पैशांपेक्षा कीडनियंत्रणाचा फायदाच शेतकऱ्याला मोठा वाटेल. अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी आकाराने अवाढव्य आणि वजनाने हलकी असते. ट्रक दिसायला भरतो, पण काट्यावर वजन भरत नाही. गावातच तिचे बारीक तुकडे केल्याशिवाय ती वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे नेणे परवडत नाही. आणि पऱ्हाटी ‘टाकाऊ’ आहे असे सरसकट म्हणण्याआधी हेही लक्षात घ्यावे की, सिलिंडर परवडत नाही अशा असंख्य घरांत आजही तीच चुलीत जळते आणि ती गोळा करून डोक्यावर आणणाऱ्या बायकाच असतात. उद्या तिला बाजारभाव आला, तर या घरांच्या सरपणाचे काय, हा प्रश्न कोणत्याही प्रकल्प अहवालात असला पाहिजे.

मुंबईच्या माटुंगा भागातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र पूर्वीच विकसित केले आहे आणि नॅनोसेल्युलोजचे पथदर्शी संयंत्रही उभारले आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे शंभर वर्षांचा अनुभव आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. कृषी विद्यापीठ परभणीत आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे दोन विद्यापीठे आहेत. या सर्वांनी आपापली छोटी संयंत्रे वेगवेगळी उभारून अनुदाने विखरून टाकण्यापेक्षा सर्वांच्या उपयोगाचे एकच संयंत्र उभारावे आणि ते एखाद्या चालू साखर कारखान्याच्या शेजारी असावे, अशी माझी सूचना आहे.

ही जागा सुचवण्यामागे कारण आहे. उसात वजनाने सुमारे सत्तर टक्के पाणी असते, म्हणजे एक टन ऊस कारखान्यात येताना साधारण सातशे लिटर पाणी सोबत घेऊन येतो. चोथ्याबरोबर जाणारा भाग वगळला, तर रस आटवताना यातील बरेचसे पाणी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन जमलेले पाणी) म्हणून पुन्हा मिळते. कारखाने त्याचा काही भाग स्वतः वापरतात आणि उरलेल्याची व्यवस्था त्यांना लावावीच लागते. वाफही तेथे असते, सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणाही असते आणि वजनकाटा तर दारातच असतो. दुसरे म्हणजे वेळ जुळते. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो आणि पऱ्हाटी उपटण्याचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी असे असतात. मराठवाड्यात उसाची लागवड वाढवावी असा याचा अर्थ नाही. किंबहुना ती आटोक्यात असावी असेच मला वाटते. पण जो ऊस गाळला जातोच आहे, त्याचे पाणी दुसऱ्यांदा उपयोगी पडत असेल, तर ते नदी-नाल्यात सोडण्यापेक्षा बरे.

सुरुवात स्फटिकांपासूनच करावी असाही आग्रह नको. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज हा याच कुळातील साधा पदार्थ १९५५ पासून माहीत आहे आणि औषधाच्या गोळ्या दाबून घट्ट करण्यासाठी तो जगभर वापरला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत. कापसाच्या सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून तो चांगल्या प्रतीचा करता येतो, आणि जिनिंग व तेल गिरण्या तर आपल्याकडे गावोगावी आहेत. पऱ्हाटीच्या जाड्याभरड्या तंतूंना खोक्यांच्या कागदात आणि बोर्डांत जागा मिळू शकते. पदार्थ जितका सूक्ष्म, तितका त्याचा दर अधिक, हे खरे. पण गिऱ्हाईक जवळ असणे आणि प्रक्रियेला पाणी कमी लागणे, या दोन गोष्टी आपल्या भागात दरापेक्षा महत्त्वाच्या ठरतील. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘बायोई-३’ या जैवतंत्रज्ञानविषयक धोरणात जैवआधारित रसायने आणि बहुवारिके (पॉलिमर) यांना प्राधान्य दिलेले आहे. त्याखाली प्रस्ताव पाठवताना ‘नॅनो’ या शब्दाच्या मोहात न पडता असे मधले टप्पेही मागितले जावेत. कोरडी नॅनो-भुकटी हाताळताना ती श्वासावाटे फुप्फुसात जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. कामगारांच्या दृष्टीने हेही नियोजनात असावे.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अगदी मर्यादित आहे. यापुढे अशा संशोधनाची बातमी देताना वार्ताहराने संशोधकाला एका किलोमागे लागलेले पाणी, परत मिळालेले आम्ल आणि उरलेल्या द्रवाची लावलेली विल्हेवाट विचारून घ्यावी आणि उत्तर मिळेल ते बातमीत छापावे. मोजमाप केलेले नसेल, तर तसेही छापावे. विद्यापीठांच्या संशोधन मंडळांनीही हेच करावे. सेल्युलोजवरील प्रत्येक प्रबंधात पाण्याचा आणि आम्लाचा ताळेबंद तक्त्याच्या स्वरूपात असलाच पाहिजे, अशी अट त्यांनी पुढील शैक्षणिक वर्षापासून घालावी. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही; प्रयोगशाळेच्या नळाला एक मीटर आणि विद्यार्थ्याच्या वहीत एक रकाना, एवढे पुरेल.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक,
सेलू, जि. परभणी